बुआवानच्या खाटेखालचे निखारे

मावशी,

परवा सकाळी आई बुआवानच्या खाटेखाली निखारे सारत होती. "नीट शेकून घे, बाळंतीणबाई, नाहीतर म्हातारपणी कमरेच्या नावानं रडशील," म्हणाली आणि खोकली. ती रोजच खोकायची.

काल ती वारल्यावर लुआंग प्रबांगच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी विचारलं, "सिगारेटी फार ओढायच्या का?" मला वाटलं, ते दुसऱ्याच कुणाबद्दल बोलताहेत. आईनं सिगारेटला कधी हात लावला नाही. गल्लीतल्या बाळंतिणींची शेकशेगडी मात्र तिनंच सांभाळली, दारंखिडक्या लावून. डॉक्टर म्हणाले, त्या धुरानंच फुप्फुसं गेली. मी पुन्हा विचारलं. त्यांनी तेच सांगितलं.

मी विहारात जातेय, भिक्खूंना अंत्यविधीचं सांगायला. बहिणीच्या, बुआवानच्या, खोलीतले निखारे अंगणात नेऊन विझवलेत, खिडकी उघडलीय. गवती चहाचं पाणी उकळलंय, तिला त्यानं शेक दे. तू नवा कोळसा आणायला गेली आहेस, ठाऊक आहे मला.

आजवर तुला कधी उलट बोलले नाही. आत्ता रिकाम्या स्वयंपाकघरात मोठ्यानं म्हणून पाहिलं: "नाही, मावशी. बाळाच्या खोलीत विस्तव न्यायचा नाही."

मनीवोन