बोअरची खोली

३ डिसेंबर, बुध.
महाडला निघालो होतो. हिर्डोशीत आत्याकडं चहाला थांबलो, त्याला आज अकरा दिवस.

सुमनताईचा फोन. आत्याची एकुलती लेक, पुण्यात नर्स. आठवा सरत आला, पहिली खेप, म्हणजे बाळंतपण माहेरीच. पण म्हणते, मधल्या खोलीची हवा तपासल्याशिवाय पाऊल टाकणार नाही. मामा, म्हणजे आत्याचे मालक, गेल्या साली फुप्फुसाच्या कॅन्सरनं गेले. जन्मात बिडीला हात लावला नव्हता. ताईच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, जमिनीतून एक वायू येतो कधीकधी, रेडॉन. वास नाही, रंग नाही. वर्षानुवर्षं छातीत जात राहतो.

आत्या भडकली. "माझ्या घरात काय हडळ बसलीया व्हय?"

ताई मला: "सोप्या, तू रिकामाच आहेस. तपासणारा माणूस शोध."

५ डिसें., शुक्र.
दोन दिवस फोनच. एक म्हणाला ढेकणाचं औषध मारतो, रेडॉनचं पण मारतो. एक म्हणाला वास्तू बघून सांगतो, दार उत्तरेला आहे का. शेवटी पुण्याच्या एक बाई मिळाल्या, निकम मॅडम. मोजतात आणि बंदोबस्तही करतात. पहिलाच प्रश्न, "घरात विहीर, बोअर, तळघर?" म्हटलं, आहे की बोअर, घरातच.

६ डिसें., शनि.
मॅडम आल्या. केस पिकलेले, पायात गमबूट, बोलणं कमी. म्हणाल्या, आपल्याकडच्या काळ्या खडकात हे सहसा निघत नाही, काळजी नको. मग मधल्या खोलीत गेल्या.

बोअर मारला तेव्हा पाणी लागलंच नाही. पुढं घर वाढवलं ते त्याच्यावरच. कोपऱ्यात लोखंडी पाइपाचं तोंड, त्यावर फरशीचा तुकडा. मॅडमनी तो सरकवला, हात धरला. आतून गार हवा येत होती. माणूस झोपेत श्वास सोडतो तशी.

आत्या कौतुकानं: "उन्हाळ्यात आमचं मालक तितंच उशी घिऊन निजायचं. फुकटचा कूलर म्हनायचं."

मॅडम लिहीत होत्या, त्या थांबल्या. "किती वर्षं?"

"सुमी शाळंत बी जात नव्हती, तवापास्नं."

मॅडमनी साबणाच्या डबीएवढं यंत्र स्टुलावर ठेवलं, बाजेच्या उंचीला. चार दिवस खिडकी-दार बंद, यंत्र हलवायचं नाही, कुणीतरी लक्ष ठेवायचं. म्हटलं, मी आहे की.

८ डिसें., सोम., भोंगवली
हितं कसा आलो ते लिहितो. काल भाताच्या टेम्पोत शिवऱ्यापर्यंत, तासाभरात परत म्हणून. शिवऱ्यात एकजण भेटला, उसावर ड्रोननं फवारणी करतो. म्हणाला चल बघायला. काय चीज आहे! एवढा मोठा भुंगा, पंधरा मिनिटांत एकर. दुसऱ्या दिवशी उडवू देतो म्हणाला, म्हणून राहिलो. यंत्राला काय, ते स्टुलावर बसलंय गप.

१० डिसें., बुध.
दुपारच्या एस.टी.नं पोचलो, मागोमाग मॅडम. यंत्र स्टुलावरच. खोली पांढरीफेक, चुन्याचा वास. मॅडमनी मोबाईलला जोडून आलेख बघितला. पहिल्या रात्री चढलेला, मग एकदम खाली. कपाळाला आठ्या.

"हलवलं होतं का कुणी?"

आत्या चूल फुंकत होती, आत होती. मी म्हणालो, नाही. मी हितंच होतो सगळे दिवस.

एवढं सरळ माझ्या तोंडून कसं निघालं कळत नाही.

१३ डिसें., शनि.
रिपोर्ट आला. सरासरी मर्यादेच्या आत. खाली मॅडमची एक ओळ: पहिल्या रात्रीचा चढ समजत नाही, पुन्हा मोजलेलं बरं. ताईला रिपोर्ट पाठवला. ती ओळ फोटोत कापली गेली. मुद्दाम नाही. बहुतेक नाही.

१९ डिसें., शुक्र.
ताई आली. पाय सुजलेत, पण खूश. आत्यानं मधल्या खोलीत बाज टाकलीय, खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्यात. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून आत्तापासूनच.

२० डिसें., शनि.
सकाळी चहा चालला होता. ताई भिंतीवरनं हात फिरवत म्हणाली, "आई, चुना कधी मारलास गं?"

"ते यंत्र हुतं तवाच की. म्हागाची वस्तू, चुना उडंल म्हून म्या लगीच दुसऱ्या दिशी ओटीवर निऊन ठिवली. सोप्या यायच्या आदी परत आनली. पुसून, बरं का."

ताईनं कप खाली ठेवला. माझ्याकडं बघितलं. "तू हितंच होतास ना?"

मी ड्रोनचं सांगितलं. ती पोटावर हात ठेवून उठली आणि ओटीवर जाऊन बसली.

मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं, कापलेली ओळसुद्धा. म्हणाल्या, "उद्या येते. तोवर त्यांना त्या खोलीत निजवू नका."

२३ डिसें., मंगळ.
परवा मॅडमनी यंत्र पुन्हा लावलं, तेव्हापासून उंबऱ्यावर बसून आहे. जेवलोही तिथंच. आत्या टोमणे मारते, "डबीची राखन कर, तुझी बायकू हाय जनू."

मॅडमनी आज आकडे बघितले. चष्मा काढला, पुसला, परत बघितले. मर्यादेच्या कितीतरी पट वर. म्हणाल्या, बोअरच्या तोंडावर घट्ट झाकण, त्यातून पाइप थेट कौलाच्या वर, पंखा लावून, फरशीच्या भेगा बुजवायच्या. माणसं नाताळनंतर, सोमवारी मिळतील. "तोवर खोली उघडी ठेवा. बाळाला इथं आणायचं नाही."

आत्या: "अन् कुटं निजवू? ओटीवर, थंडीत? न्हाई चुलीम्होरं, धुरात? दाराची खोली घरात ही येकच."

ताईनं वडलांचं विचारलं, "मॅडम, आमच्या आबांना यानंच...?"

"ते आता कुणी सांगू शकत नाही."

२४ डिसें., बुध.
ताईला कळा. तीन आठवडे आधीच. भोरला नेलं.

२७ डिसें., शनि.
मुलगी. लहान आहे, पण रडते खणखणीत. दवाखान्यातून आज सोडलं. पुण्याला ताईचं घर चौथ्या मजल्यावर, म्हटलं तिकडं नेऊ. डॉक्टर म्हणाले, एवढा प्रवास आठवडाभर नको.

घरी आलो तर मधल्या खोलीत शेगडी पेटलेली, खिडकीवर गोणपाट. सकाळी निघताना मी सताड उघडी ठेवली होती. बोअरवर फरशीचा तुकडा, फरशीवर आत्यानं पाटा ठेवलाय. "आता कुटनं येतंय बघू."

मी बाज ओढायला गेलो. आत्यानं दुसरं टोक धरलं. "पोर गारठून मरंल, सोप्या! जे दिसत बी न्हाई त्याच्यापायी?"

"दिसतंय आत्या. आकड्यात दिसतंय."

"तुजा आकडा! तुज्या शब्दावर तर आलीया ती हितं."

मी बाज ओढतच राहिलो.

ऊन कललंय. बाज उंबऱ्यात अडकलीय, अर्धी आत, अर्धी बाहेर. आत्या आतल्या टोकाला बसलीय, उठत नाही. ताई ओटीवर पोरीला पदराखाली घेऊन. मगाशी एकदाच बोलली, "सोप्या, वारा सुटलाय रे." आत्याच्या बाजूनं म्हणाली की माझ्या, विचारायचं धाडस होईना.