गाऱ्हाण्यातले कापलेले वाक्य

रविवार, दिवेलागणीनंतर. साखळी.

अजून डोके शांत नाही. देवापुढे बसलो तरी तेच.

काल लाटंबार्सेच्या मळ्यात फुटबॉलचा अंतिम सामना होता. सुरू होण्याआधी गावच्या रीतीप्रमाणे म्हाताऱ्या सोमाकाकांनी गोलखांबापाशी नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणे घातले. "दोनय बाजूंच्या पोरांचे पाय सांबाळ रे म्हाराजा!" दोन्ही संघ हात जोडून ओरडले, "व्हय म्हाराजा!" मीही हात जोडले. इतकी वर्षे टीव्हीसाठी खेळांच्या बातम्या देतो आहे, पण मोठ्या मैदानांवरही अशी सुरुवात पाहिली नाही. बातमीत तसे म्हटलेही.

आज चॅनलवर काय दाखवले? नारळ, काकांचे हलणारे ओठ आणि मागे विदूषकी संगीत. खाली पट्टी, 'गोल हवा? नारळ ठेवा!' माझा आवाज नाही, पोरांचे पाय सांभाळण्याचे काकांचे वाक्यही नाही. शेवटी नाव मात्र माझेच!

संपादकांना फोन केला. म्हणाले, "अरे, लोक हसले ना? मग झाले तर."

मग काकांचा फोन आला. रागावलेही नाहीत. "बाबू, गाऱ्हाण्यात माजा काय चुकला रे? सगळे हसतत कित्याक?"

त्यांचे चुकले? दोन्ही बाजूंच्या पोरांचे पाय सांभाळ म्हणाले, हे चुकले?

उद्या संपादकांना तोंडावर सांगणार. ते वाक्य पूर्ण दाखवा, नाहीतर यापुढे माझे नाव लावू नका. नोकरी गेली तर जाऊ दे. त्या गोलखांबापाशी हात जोडून पुन्हा उभे राहायचे आहे मला.