हमदला शिकवलंत, मला नाही

प्रिय अब्बा,

अस्सलामु अलैकुम. कबरस्तानावरून जाताना सलाम करावा, असं तुम्हीच शिकवलं होतंत. तुमची कबर इथून समुद्रापलीकडे, आपल्या गावच्या खाडीजवळ आहे. म्हणून कागदावरूनच करते.

काल शुक्रवारी हिबा शिकारीला गेली होती. तुमची नात, दहा वर्षांची, मुंगी पायाखाली आली तरी पाय उचलून घेणारी. आणि तिला घेऊन कोण गेलं, तर मी. गेल्या हिवाळ्यात याच गोष्टीवरून तुम्हाला गप्प करणारी मी. हे कुणाला तरी सांगायला हवं. नासिरला सांगून झालं, तुमचा जावई ऐकतो आणि मान हलवतो. पण हे सांगायचं होतं ते तुम्हालाच.

आठवतं ना? तुम्ही दोन महिन्यांसाठी आमच्याकडे आखातात, अल अझीझियाला आला होतात. इथली ससाणे सांभाळायची नोकरी सोडून तुम्हाला तोवर तीन वर्षं झाली होती, तरी विमानतळावरून घरी येताना तुम्ही गाडीच्या काचेतून आकाशच बघत होतात. एक दिवस चहा पिताना म्हणालात, "शमा, हमदचा फोन आलेला. हिबाला एकदा वाळवंटात नेऊ का? ससाणा जवळून बघंल. लहानपणीच शिकवायला हवं हे."

मी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "मला नेलं होतंत का कधी?"

तुम्ही बशीतला चहा संपवलात, उठून बाल्कनीत जाऊन उभे राहिलात. मी मागून आले नाही. परत जाईपर्यंत तो विषय तुम्ही काढला नाहीत, मीही नाही. चार महिन्यांनी अम्मीचा फोन आला. पहाटे फजरची नमाज पढून तुम्ही पडवीत बसलात ते उठलाच नाहीत. मी मिळेल त्या विमानानं मुंबईला आले, तिथून गाडीनं रात्रभर प्रवास करून गावात पोचले. तोवर तुम्हाला दफन करून एक दिवस झाला होता. माती अजून ओली होती.

माझं शेवटचं धड वाक्य तेच राहिलं, अब्बा. नंतर फोनवर आपण बोललो, पण ते "जेवलात का", "गोळ्या घेतल्या का" एवढंच.

तुम्हाला खरंच कळलं नव्हतं का, मला इतका राग का होता? तुम्ही दोन वर्षांतून एकदा घरी यायचात. येताना फोटो आणायचात. रय्यानच्या पलीकडचा तो मळा, ससाण्यांची खोली, तुमच्या मनगटावर डोळे झाकलेला पक्षी, आणि प्रत्येक फोटोत तुमच्या शेजारी हमद. तुमच्या मालकांचा मुलगा, माझ्याच वयाचा. एका फोटोत तुम्ही त्याच्या मनगटावर पट्टा बांधताय. एका फोटोत तो तुमच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलाय. अम्मी ते फोटो शेजारणींना कौतुकानं दाखवायची. मी आठ वर्षांची होते. मी काय केलं ठाऊक आहे? शेजारच्या फातमाखालाची कोंबडी पकडली, तिच्या डोक्यावर जुना मोजा चढवला आणि मनगटावर बसवून अंगणात उभी राहिले, तुम्ही बघाल म्हणून. तुम्ही पोट धरून हसलात. मग कुणीतरी हाक मारली आणि गेलात. मी हसवायला नव्हते उभी राहिले, अब्बा.

हमदचा फोन तीन आठवड्यांपूर्वी आला. रीतीप्रमाणे नासिरला केला. तुमच्या जाण्याबद्दल बोलला, रडलाही म्हणे. मग म्हणाला, "तुमच्या सासऱ्यांनी गावाहून मला फोन केला होता. म्हणाले, माझी नात आहे, तिच्या आईची मर्जी असेल तरच तिला एकदा ने." मर्जी असेल तरच. हे तुम्ही मला परत विचारू शकला असतात. का नाही विचारलंत?

मी दोन शुक्रवार टाळाटाळ केली. तिसऱ्या शुक्रवारी हिबाच म्हणाली, "आय वॉन्ट टू सी नानाज बर्ड्स." मग गेलो.

जुम्याची नमाज झाल्यावर हमद मोठी गाडी घेऊन आला. सोबत त्याच्या दोन मुली, एक हिबाच्या वयाची, एक लहान. हमदच्या कानशिलाजवळचे केस आता पांढरे होताहेत. तो मोडक्यातोडक्या हिंदीत बोलतो, ते मी इथं आपल्या भाषेत लिहिते. शहर मागं पडल्यावर नुसतं सपाट, दगडी माळरान. एका जागी त्यानं गाडी थांबवली, चटई टाकली, ससाण्याला मनगटावर घेतलं आणि मुलींना ओळीनं बसवलं. धाकटी चुळबुळ करायला लागली तशी तो तिला हलक्या आवाजात म्हणाला, "गुमान बस."

हिबानं माझा हात दाबला. "मम्मा, ही सेड गुमान. दॅट्स नानाज वर्ड."

मी हमदला विचारलं, हा शब्द कुठला आहे माहीत आहे का? तो म्हणाला, "ससाण्यांचा आहे ना? इब्राहिमचाचा त्यांच्याशी असंच बोलायचे. आमच्याशीही. मला वाटायचं ही पक्ष्यांचीच बोली आहे."

मी हसले, आणि मग मला हसता येईना.

त्यानं सांगितलं, तुम्ही त्याला पहिला सगळा हंगाम ससाणा उडवूच दिला नाहीत. नुसतं शेजारी बसायचं, खायला घालायचं, मनगटावर घेऊन चालायचं. तो नऊ वर्षांचा होता, कंटाळून रडायचा. "मी रडलो की चाचा म्हणायचे, माझी शमा तुझ्याएवढीच आहे, ती रडली नसती. शमा हात हलवत नाही. शमानं कोंबडीला टोपी घालून मनगटावर बसवलं होतं, ती उडाली नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "सिस्टर, राग मानू नका. लहानपणी मला तुमचा फार राग यायचा. मी काहीही केलं तरी तुम्ही ते आधीच चांगलं केलेलं असायचं."

तीस वर्षं मी त्याच्यावर जळत होते, अब्बा. आणि तो तिकडे माझ्यावर जळत होता. मला मात्र यातलं तुम्ही कधीच काही सांगितलं नाहीत. त्याला जे सांगत होतात त्यातलं एक वाक्य मला पत्रातून लिहिलं असतंत तर काय झालं असतं?

दुपार कलताना, असरच्या सुमाराला हमदला झुडपाजवळ करवान दिसला. लहान कोंबडीएवढा, लांब पायांचा, मातीच्याच रंगाचा पक्षी. मला तो हलेपर्यंत दिसलाही नाही. हमदनं ससाण्याच्या डोळ्यांवरची टोपी काढली, हात पुढं केला आणि ससाणा झेपावला. करवान खालून खालून उडत होता, दोनदा निसटला. हिबा उभी राहून बघत होती. दोघांपैकी कुणी जिंकावं असं तिला वाटत होतं, ते तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. तिसऱ्यांदा दोघेही एका खडकामागं खाली आले.

आम्ही पळत गेलो. करवान जिवंत होता, त्याचा पिवळा डोळा उघडा होता. हमदनं बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवली. ससाण्याला त्याचा वाटा दिला. मी हिबाचं तोंड माझ्याकडे वळवायला गेले, पण तिनं वळवलं नाही. सगळं बघितलं. मग विचारलं, आणि या खेपेला मराठीत, "नानाला वाईट वाटायचं?"

मला कुठं ठाऊक होतं? मी हमदला विचारलं.

तो म्हणाला, "दर वेळी. ते हात धुवून लांब जाऊन बसायचे. आम्हाला फोटो काढू द्यायचे नाहीत, ओरडू द्यायचे नाहीत. म्हणायचे, जीव घेतलाय, आता थोडा वेळ कुणी बोलायचं नाही. माझ्या वडिलांचे पाहुणे असले तरी त्यांनाही सांगायचे." मग त्यानं आणि त्याच्या मुलींनी बाटलीतल्या पाण्यानं हात धुतले आणि थोड्या अंतरावर जाऊन बसले. हिबाही जाऊन बसली. मीही. वारा होता, आणि लांबवर एका ट्रकचा आवाज.

तुम्ही माझ्या मुलीला पक्षी मारायला शिकवाल, अशी मला भीती होती. तुम्ही तिला हे शिकवणार होतात. मला विचारायला हवं होतं, अब्बा. मी विचारलं नाही, नुसतं टोचून बोलले. माफ करा, असं लिहिते आहे, पण उत्तर कुठून येणार?

हिबा घरी आल्यावर जेवली नाही. तिला परत जायचंय की नाही ते अजून सांगत नाही. मी विचारत नाही.

गाडीत परत येताना मीच हमदला विचारलं, "मला शिकवाल? मी अडतीस वर्षांची आहे." तो हसला नाही. म्हणाला, "पुढच्या शुक्रवारी या."

मी जाणार आहे. हिबाला यायचं असेल तर येईल. तिला मी ओढणार नाही आणि अडवणारही नाही, एवढा शब्द तुम्हाला देते. आणि दुसरा शब्द असा, की हमदनं सांगितलेलं मी अम्मीला फोनवर सांगणार नाही. शाळेला सुट्टी लागली की गावाला येईन, पडवीत तिच्याशेजारी बसेन आणि एकेक करून सगळं सांगेन. तुमची वाट माझ्यापेक्षा जास्त वर्षं तिनं पाहिली आहे. तुम्ही तिकडे कसे होतात, ते निदान आता तरी तिला कळू दे.

अल्लाह तुमची कबर नूरानं भरो.

तुमची,
शमा