चार धड चाकं आणि एक फुटलेलं

मी, मोटारींचे हूड आणि सीटची कव्हरं शिवणारी बाई, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, पती हयात नाहीत, आज पूर्ण शुद्धीवर असताना आणि कुणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मनाने माझ्या पश्चात काय कुणाचं हे लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. पाठ ठिकाणावर नाही, पण तिचा दाखला कुणी मागितला नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. हेही केलं नसतं. पण माझी दोन्ही मुलं एका गाडीवरून एकमेकांशी बोलेनाशी झाली आहेत आणि समजूत घालण्याचं त्राण आता माझ्यात उरलेलं नाही.

१. राहतं घर मुलगा आणि मुलगी यांना समान हिश्श्याने. बँकेतली ठेवही तशीच. दागिने सूनबाईला. तिने ते कधी मागितले नाहीत, म्हणून.

२. दुकानातलं जाड कापड शिवायचं मशीन, कात्र्या आणि वाकड्या सुया माझ्या भागीदारणीला. मशीनचा पट्टा सारखा निसटतो. तिला हे सांगायला नको, रोज त्याला शिव्या तीच घालते.

३. आता गाडी. हिरवी, दोन माणसांची, उघड्या टपाची. आमच्या ह्यांनी ती एका डॉक्टरांच्या विधवेकडून घेतली. डॉक्टरांनी हौसेने आणली, जेमतेम फिरवली आणि ते गेले. त्यामुळे कारखान्यातून आलेली तारांची पाचही चाकं, टायरांसकट, नव्यासारखी होती. गाडीला नवा हूड हवा म्हणून हे आमच्या दुकानात आले, आणि हूड होईपर्यंत आमचं लग्न ठरलं. ह्यांचं काम फ्रीज दुरुस्तीचं. हात थंड, डोकं थंड, जीव मात्र त्या चाकांत.

आल्या आल्या ह्यांनी मूळ चाकं उतरवली आणि रस्त्यासाठी दुसरी बसवली. “रबर म्हातारं होतं,” म्हणायचे, “वरून कळत नाही. ही बघायची चाकं, चालवायची नाहीत.” घरातली एकुलती एक गार, अंधारी खोली चाकांना मिळाली. दुकानातून घरी आणलेलं काम शिवायला मी पत्र्याखाली बसले, कारण विजेच्या मोटारीवर चालणारं शिलाई यंत्र जवळ असलं की त्याच्या ठिणग्यांनी बिघडलेल्या हवेनं रबराला चिरा जातात म्हणे. उन्हाळ्यात घामाने कापड हातातून सुटायचं आणि पलीकडे चाकं गारव्यात बसलेली असायची. त्यांच्यासाठी काळ्या जाड कापडाच्या खोळीही मीच शिवल्या. लाकडी घोड्यांवर, हवा थोडी कमी करून, दर महिन्याला प्रत्येक चाक पाव फेरा फिरवायचं, म्हणजे एकाच जागी बूड बसत नाही. तारा पुसायच्या, पण तेलाचा हात रबराला लागू द्यायचा नाही. शेवटच्या आजारपणात ह्यांनी घराबद्दल, मुलांबद्दल काही सांगितलं नाही. “चाकं फिरवत राहा,” एवढंच म्हणाले. मी हो म्हटलं. आजारी माणसाला दुसरं काय म्हणायचं?

४. धाकट्या दिरांविषयी. हे गेल्यावर दोनेक वर्षांनी जुन्या गाड्यांची मिरवणूक निघाली. स्पर्धाही होती, जितकं मूळ सामान, तितके गुण. दिरांनी गाडी मागितली. मी म्हटलं, “न्या, पण चाकांना हात लावू नका.” ते म्हणाले, “छे छे, वहिनी.” मी दुकानात गेल्यावर त्यांनी खोळी काढल्या आणि मूळ चाकं चढवली. लेक कौतुकाने शेजारी बसली. बाबांची गाडी मिरवणार म्हणून केस नीट बांधून गेली होती.

पहिला नंबर आला, चषक मिळाला. परत येताना उतारावर मागच्या टायरची साल निघावी तशी पट्टी सुटली, टायर फुटला आणि गाडी कठड्यावर गेली. दिरांना खरचटलं. लेकीचा डावा गुडघा गेला. तो आजही वाकत नाही.

इस्पितळात दीर म्हणाले, “वहिनी, टायर दिसायला अगदी नवेकोरे होते हो.”

“दिसायलाच होते, भाऊजी,” मी म्हटलं. त्यानंतर ते ना इस्पितळात फिरकले, ना घरी. सगळ्यांना रस्ता खराब होता म्हणून सांगत राहिले.

यंदा मात्र आले. काठी टेकत, पिशवीत तो चषक घेऊन. टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “हा तुमच्याकडे असू द्या. मला आता बघवत नाही.”

मी तो पुन्हा पिशवीत घातला. “मी चाकं सांभाळली, तुम्ही कप सांभाळा.” चहा मात्र केला. दोघांनीही प्यायला. माझ्या वाटणीतून त्यांना काही नाही. माझा रागही आता त्यांच्या नावावर नाही. इतकी वर्षं उचलून धरायचा म्हणजे हात भरून येतात.

५. फुटलेलं पाचवं चाक, वाकल्या तारांसकट, स्पर्धेच्या समितीला द्यावं. परीक्षकांच्या खुर्चीमागे टांगायला. नको म्हणाले तरी पोहोचवून यावं.

६. गाडी लेकीला. यावरूनच वाद आहे, म्हणून कारण लिहिते.

अपघातानंतर मी ती चाकं जाळायला निघाले होते. लेक पलंगावरून म्हणाली, “आई, चूक चाकांची नाही. त्यांना नको काही करूस.” मग पुन्हा फिरवत बसले. गाडी दुरुस्त होऊन झाकून राहिली. गेल्या वर्षी लेकीने तिला नवे टायर घातले आणि डाव्या पायाने क्लच दाबता येईना म्हणून मेकॅनिककडून त्यासाठी हाताने ओढायची दांडी बसवून घेतली. त्यासाठी तळाच्या पत्र्याला भोकं पाडावी लागली. त्याच सुमारास मुलाने जुन्या गाड्या जमवणारा एक संग्राहक आणला. त्याला गाडी हवी होती, पण मूळ चाकांसकट आणि दांडीशिवाय.

“बाबांनी एक स्क्रूसुद्धा बदलू दिला नसता,” मुलगा म्हणाला.

“बाबांना माझा गुडघा माहीत नव्हता,” लेक म्हणाली.

त्यानंतर दोघांचं बोलणं बंद. मी मध्ये पडले नाही. पण एका सकाळी लेकीने मला शेजारी बसवलं आणि गाडी तलावापर्यंत नेली. दांडी ओढताना ती दात आवळत होती, गियर बदलताना गाडी दोनदा कुरकुरली. तिथे पोचल्यावर ती स्टिअरिंगवर डोकं ठेवून खूप वेळ हसली. तिला असं हसताना मी अपघातानंतर पाहिलं नव्हतं. म्हणून गाडी तिची, दांडीसकट. विकायची की चालवायची हे तिने ठरवावं; तिच्या भावाने नाही, आणि वरून बघणाऱ्या तिच्या बाबांनीही नाही.

७. उरलेली चार मूळ चाकं, टायर आणि खोळींसह, मुलाला. अट एकच: ती कुठल्याही गाडीला लावून रस्त्यावर आणायची नाहीत. त्यांना भिंतीवर टांगावं, संग्राहकाला द्यावं, टाकून द्यावं. माझी हरकत नाही. फिरवायचं बंधन मी कुणावरही घालत नाही. ते माझ्यावर होतं, ते माझ्याबरोबर संपेल.

८. या सगळ्याची अंमलबजावणी सूनबाईने करावी. घरात डोकं शांत असलेलं तेवढं एकच माणूस आहे.

कच्चा मसुदा मी काल दोघांना समोर बसवून वाचून दाखवला. लेक भावाकडे बघत राहिली. मुलगा म्हणाला, “चाकं मला का? मला तर बाबांनी कधी हात लावू दिला नाही.”

खरं होतं. लहानपणी त्याने एक चाक अंगणात गडगडत नेलं होतं. तो पडला, हनुवटी फुटली, आणि ह्यांनी आधी चाक उचललं. खूण अजून आहे.

“म्हणूनच,” मी म्हटलं.

तो उठून आतल्या खोलीत गेला. बराच वेळ आला नाही, तेव्हा लेक पाय ओढत त्याच्या मागे गेली, आणि मी तिच्या मागे. त्याने एका चाकाची खोळ सोडली होती. तळवा टायरवर ठेवून तो तसाच उभा होता. लेकीने दुसरी खोळ सोडायला घेतली. तिच्याकडे न बघता त्याने तिला जागा करून दिली.

“आई,” तो म्हणाला, “कुठल्या बाजूला फिरवायचं?”

“कुठल्याही,” मी म्हटलं. “फक्त होतं तिथेच ठेवू नकोस.”

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि मला मान्य आहे. दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत मी सही केली आणि माझ्यादेखत त्यांनी केली. दोघांनाही या वाटणीतून काही मिळणार नाही, हे त्यांना आधीच सांगितलं आहे.

ठिकाण: राहत्या घराचं स्वयंपाकघर
दिनांक: मार्च महिन्याची नऊ तारीख, सकाळ

सही: लिहून ठेवणारी
साक्षीदार: समोरच्या औषधांच्या दुकानाची मालकीण
साक्षीदार: वरच्या मजल्यावरचे निवृत्त मुद्रितशोधक