नव्वद सेकंदांची ओळ

१२ मे २००१, शनिवार. फुजैरा

सर्व्हर मेला! गुरुवारी दुपारी एसी बंद पडला, आणि आज सकाळपर्यंत त्या खोलीत कुणी डोकावलं नाही. मी सुट्टीला दुबईत मनखूलला घरी होतो, ही माझी चूक म्हणे!

नवा पीसी आला, त्यावर लिनक्स चढवलं. पण आमच्या तेल टर्मिनलचा पंप चालवणारा प्रोग्राम? तो राजनचा. हा राजन माझ्या आधी या खुर्चीत बसायचा. दोन वर्षांपूर्वी राजीनामा देऊन पुण्याला गेला, मागे एक फ्लॉपी ठेवून. फ्लॉपीत नुसता सोर्स कोड. ना कागद, ना चिठ्ठी. म्हणजे सगळं नव्यानं कंपाइल करा, मशीनला चालवता येईल असं बनवा!

जमाल, आमचा मॅनेजर, दारात उभा. "सुजीत, नेक्स्ट सॅटरडे शिप आता है. इन्शाल्ला मत बोलो, पक्का बोलो." पक्का बोललो. नाही जमलं तर व्हिसा रिन्यू नाही, हेही त्यानं हसत हसत सांगितलं. म्हणजे मी, बायको रंजिता, लेक अवनी – तिघंही विमानात.

१३ मे

राजनच्या प्रोग्रामला एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच लागतो. ती लायब्ररी आधी कन्फिगर करा. स्क्रीनवर यादी पळते – हे आहे का, येस. ते आहे का, येस. शेवटून दुसऱ्या ओळीवर – नो. आणि बंद! ते इंटरनेटवरून उतरवून घेतलं तर त्याला तिसरंच हवं. फोनलाइन दर वीस मिनिटांनी तुटते.

राजनला ईमेल केला. उत्तर नाही. कशाला देईल? सुटला ना!

१५ मे, मंगळवार

लायब्ररी झाली. आता राजनचा कोड. कंपाइल करायची 'मेक' कमांड दिली की चाळीस एरर. व्हेरिएबलची नावं बघा – tel, taki, bhara! इंग्रजी लिपीत मराठी. काय हौस! कंपनीचा प्रोग्राम आहे की घरचं पत्र?

दुपारी दत्ताराम आला. हा गुहागरकडचा, जेटीवर व्हॉल्व्ह बघतो. हा चाक फिरवून व्हॉल्व्ह उघडतो, इकडे दिवा लागतो, मग प्रोग्राम पंप सुरू करतो. इतकंच काम. टोपी हातात घेऊन उभा. "साहेब, नवीन मशीन जुन्यासारखाच चालंल ना? नाय, त्या व्हॉल्व्हचा जरा..."

मी खेकसलो. "तुम्ही चाक फिरवा हो! मशीनचं मी बघतो."

गेला बिचारा. पण प्रत्येकाला आजच यायचं असतं!

१६ मे

एकोणचाळीस एरर गेले. एक उरलाय. thamb नावाचं फंक्शन सापडत नाही. राजननं स्वतः लिहिलेलं, वेगळ्या फाइलमध्ये, आणि ती फाइल फ्लॉपीवर नाहीच. वा रे पठ्ठ्या!

ते एकदाच वापरलंय, पंप सुरू करायच्या आधी:

thamb(90); /* valve bara nahi */

मोठ्यानं हसलो. व्हॉल्व्ह बारा नाही! ड्रॉइंग काढून मोजले – अकराच आहेत. मग नसलेल्या बाराव्यासाठी नव्वद सेकंद थांबायचं? जमाल कायम ओरडतो की पंप उशिरा सुरू होतो. हे कारण!

ओळ उडवली. मेक. एकही एरर नाही.

१७ मे, गुरुवार

मेक इन्स्टॉल. झालं! स्क्रीनवर चाचणी घेतली, दिवा लागला की पंप तत्काळ सुरू. जमालनं पाठ थोपटली. "खलास, हबीबी! राजन से अच्छा." हे ऐकायला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू?

आता घरी. अवनी फोनवर – "डॅडी, आर यू रिअली कमिंग?" येतोय गं!

१९ मे, शनिवार

दत्तारामचा हात मोडला. उजवा, मनगटापासून. दिवा लागला, पंप सुरू झाला, तेलाचा दाब आला आणि चाक उलटं फिरलं. याचे दोन्ही हात अजून चाकावर.

अरे, दिवा लागल्यावर चाक धरून बसायचं कशाला? इतकी वर्षं काम करतोय, एवढं कळत नाही? सगळ्यांचा राग आलाय. त्याचा, जमालचा, त्या पुण्यात बसलेल्याचा.

जमालनं रिपोर्ट टाइप करून आणला – कामगाराचा निष्काळजीपणा. खाली आयटीची सही हवी, सिस्टिम ठीक होती म्हणून. लॉग पाहिला. सिस्टिम ठीकच होती. केली सही. दत्तारामला बुधवारी गावी पाठवणार आहेत.

२१ मे, सोमवार

हॉस्पिटलात गेलो. त्याला चार शब्द सुनवायचेच होते. विचारलं, चाक का सोडलं नाहीत?

"साहेब, त्यो व्हॉल्व्ह बरा नाय. दिवा आधी लागतो, चाक फिरवायचा रव्हतोच. राजनसाहेबांस्नी मी सांगितलेलं. ते बोलले, दत्ताराम, तुझे हात निघंस्तोवर मी मशीनला थांब म्हणून लिव्हतो."

बरा नाही.

बारा नव्हे.