यंत्रात सापडलेल्या पाण्याविषयी

लिहून ठेवणार: ग्यानोबा मारोती सोनकांबळे, वय चोपन्न, धंदा अर्जनवीस, बैठक तहसील कचेरीच्या गेटसमोरील पत्र्याचे खोके, राहणार उदगीर, जिल्हा तूर्त लातूर.

सर्वप्रथम जगाला कळावे की, मे. विराटबिट सिस्टीम्स प्रायव्हेट लिमिटेड या संगणक विकणाऱ्या कंपनीने मला गेल्या २८ एप्रिल रोजी टेलिफोनवर सत्तेचाळीस मिनिटे सनईची एकच ओळ ऐकवली. लग्न कोणाचे, ते शेवटपर्यंत सांगितले नाही. अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला एक बाई म्हणाली, "सर, मशीन बंद करून चालू करा." मी केले. "परत करा." परत केले. असे सतरा वेळा झाले. तरीही माझे स्वतःचे डोके एकदाही बंद करून चालू करावे लागलेले नाही, हीच माझी बुद्धी शाबूत असल्याची खूण समजावी.

शरीर तितके शाबूत नाही. पित्ताशयात खडा आहे. तो काढण्यासाठी येत्या सोमवारी लातूरला भरती व्हायचे आहे. डॉक्टर "किरकोळ आहे" म्हणतात. विराटबिटचा इंजिनिअरही यंत्र खोलण्यापूर्वी हेच म्हणाला होता. म्हणून कोणाच्या दडपणाखाली न येता, राजीखुशीने, माझ्या पश्चात कोणी कोणाचा गळा धरू नये यासाठी खालीलप्रमाणे व्यवस्था करून ठेवतो.

कलम १. देगलूर रस्त्याकडील दोन खोल्यांचे पत्र्याचे घर, स्वकष्टार्जित, पत्नी पारूबाई हिला. सोबत अंगणातील दोनशे लिटरची पाण्याची टाकी व टाकीचे कुलूप. या कुलपाची दुसरी किल्ली उन्हाळाभर माझ्या पाकिटात होती, हे तिला आता कळेल. तिच्यावर माझा विश्वास आहे. तिच्या माहेरच्यांवर नव्हता.

कलम २. पोस्टातील रक्कम पारूबाई व मुलगी करुणा यांना निम्मी निम्मी. करुणा नांदेडला दवाखान्यात परिचारिका आहे. ती फोनवर म्हणाली, "पप्पा, खडा काढायला चाललाव का फाशी जायला?" मी म्हणालो, "बाई, कापायच्या आधी सही घेतेत का न्हाई? मग त्यांनाबी भरवसा न्हाई." त्यावर तिने फोन ठेवला. ठेवल्याचा आवाज तिच्या आईसारखाच आला.

कलम ३. विराटबिटचे वॉरंटी कार्ड पुतण्या नरसिंग यास. त्याने ते काचेत मढवून भिंतीला लावावे. मागच्या दिवाळीत उदगीर जिल्हा होणार, सव्वीस जानेवारीला घोषणा होणार, अशी आवई उठली होती. नरसिंग म्हणाला, "काका, कलेक्टर येणार, फॉर्म येणार, लई काम येणार. हातानं लिहून कवर भागवणार?" त्याच्या ऐकण्यात येऊन मी अडतीस हजार पाचशे मोजून संगणक घेतला, आणि वॉरंटी कार्डावर अभिमानाने 'जिल्हा: उदगीर' असे लिहिले. मी एकटा नव्हतो. गावातल्या निम्म्या पाट्या रंगाऱ्याने त्या महिन्यात बदलल्या. सव्वीस जानेवारीला झेंडा वर गेला, जिलेबी वाटली गेली, जिल्हा काही आला नाही.

मे महिन्यात कंपनीचे पत्र आले की, आपला जिल्हा आमच्या यादीत नाही, सबब आपणास यंत्र विकल्याची नोंद सापडत नाही. मी उलट विचारले की, जो जिल्हा नाही त्या जिल्ह्यातून निघालेले पैसे तुमच्यापर्यंत कसे पोचले? त्याचे उत्तर नाही. माझा पक्का संशय आहे की या कंपनीत एक माणूस केवळ उत्तरे न देण्यासाठी पगारी ठेवलेला आहे.

कलम ४. सदर संगणक, मयत, कंपनीलाच परत. पाठवण्याचा खर्च कंपनीने करावा. त्याची हकीकत अशी. सत्तावीस एप्रिलला तो चालता चालता बंद पडला. चोविसाव्या दिवशी लातूरहून गळ्यात टाय घातलेला इंजिनिअर आला. त्याने झाकण काढले, आत वाकून पाहिले, बोट फिरवले आणि म्हणाला, "काका, यात पाणी गेलंय. पाणी गेलं की वॉरंटी गेली."

वाचणाऱ्याने ध्यानात घ्यावे की त्या महिन्यात आमच्या नळाला एकवीस दिवसांनी पाणी येत होते आणि लातूरला पाणी रेल्वेने येत होते. मी म्हणालो, "कुठं हाय पाणी? दाव. घागर आणतो." तो हसला नाही. कंपनीत त्यांना ते शिकवत नसावेत.

मी कंपनीस एकूण नऊ तक्रारी लिहिल्या. तिसरीत म्हटले: ज्या अर्थी आपल्या इंजिनिअरास संपूर्ण गावात कोणालाही न सापडलेले पाणी सापडले, त्या अर्थी त्यास दोन महिने आमच्याकडे पाठवावे. तळहातावर नारळ घेऊन बोअरची जागा दाखवत फिरणाऱ्यांपेक्षा तो स्वस्त पडेल. पाचवीत असा संशय व्यक्त केला की, कंपनी कारखान्यातच प्रत्येक यंत्रात पेलाभर पाणी भरून पाठवते, म्हणजे वॉरंटीचा निकाल आधीच लागलेला असतो. सातवीत पुरावा मागितला. नववीत शिव्या होत्या, त्या येथे उद्धृत करीत नाही, कारण हा कागद नोंदवायचा आहे.

कलम ५. गफूरभाई चहावाले यांचे दुकान माझ्या खोक्याला लागून आहे. भर दुष्काळात त्यांच्या चहाला पाणी कमी पडले नाही, यावरून ते कोणाच्या टाकीतून येते याविषयी मी काही काळ मनात नोंदी ठेवल्या. तो संशय मागे घेतो. चहा पातळ होता, हे विधान कायम.

कलम ६. हे कलम देण्याघेण्याचे नाही, परंतु त्यावाचून पुढचे कळणार नाही. जाहिदाबी महेबूब बागवान या माझ्या खोक्यात अकरा वर्षे टंकलेखनाचे काम करीत. नवरा वारलेला, पदरी दोन मुली. हातमशीनवर तयार झालेल्या, संगणक महिन्याभरात शिकल्या. यंत्र बंद पडले तेव्हा त्याच समोर होत्या. खोक्याच्या किल्ल्या दोनच, एक माझी, एक त्यांची. मी पाणी सांडले नाही, एवढे मला ठाऊक होते. राहिले कोण?

इंजिनिअर जाताच मी गेटवर सर्वांदेखत विचारले. त्या म्हणाल्या, "भाऊ, माझी बाटली घरून रिकामी येती. गफूरभाई अर्धा गिलास देतेत, ते मी पेती. ते मशीनला पाजू?"

मी म्हणालो, "मग काय मशीन रडलं व्हय?"

लोक हसले. तीस वर्षे शब्दांवर पोट भरतो आहे, पण माझ्या एवढ्याशा वाक्याला एवढे लोक कधी हसले नव्हते.

त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि गेल्या. दुसऱ्या आठवड्यापासून गेटच्या पलीकडे, भाड्याच्या हातमशीनवर बसू लागल्या. परंतु 'पाणी सांडणारी बाई' हे नाव त्यांच्या आधी तिथे पोचले होते. वकिलांचे कारकून महत्त्वाचा कागद त्यांच्याकडे देईनात. कधी चार कागद, कधी दोन. धाकटीची शिकवणी जूनमध्ये बंद झाली, असे गफूरभाईंकडून कळले. मी ऐकून घेतले आणि आठवी तक्रार लिहायला बसलो.

कलम ७. गेल्या मंगळवारी या मृत्युपत्रासाठी खोक्यातील मालाची यादी करीत होतो. वरच्या फळीवर जुन्या अर्जांच्या गठ्ठ्यांमागे वीस लिटरचा पाण्याचा कॅन निघाला. तो मार्चमध्ये मीच लपवला होता. घरात पारूबाईच्या माहेरच्यांची भीती, बाहेर गफूरभाईंची. खात्रीचे कुलूप एकच, ते या खोक्याचे. अडचणीला राखून ठेवला होता. अडचण रोजच होती, म्हणून मोठ्या अडचणीची वाट पाहत राहिलो आणि पुढे पाऊस झाल्यावर विसरलो.

उचलला, तर हलका लागला. पहिला संशय गफूरभाई. मग कॅन उलटा केला. तळाला केसाएवढी चीर होती. तिथून पत्र्यावर बोअरच्या खाऱ्या पाण्याची पांढरी रेघ निघाली होती. ती फळीच्या कडेवरून खाली, आणखी खाली, थेट यंत्राच्या मागच्या जाळीपर्यंत गेलेली. इतकी सरळ हकीकत मी कोणत्याही अर्जात कधी लिहिलेली नाही.

सबब कबूल करतो की, पाणी माझे होते, लपवले मी, सांडले माझ्यामुळे. जाहिदाबींचा त्यात थेंबाचाही संबंध नाही. कंपनीचा इंजिनिअर खरे बोलला. सनईबद्दलची तक्रार मात्र मागे घेत नाही.

हे मृत्युपत्र मी माझ्या हाताने न लिहिता मुद्दाम गेटपलीकडे जाहिदाबींच्या टेबलासमोर गिऱ्हाईक म्हणून बसून सांगत आहे. कलम सहादेखील त्यांनी मान वर न करता टाईप केले. मागील परिच्छेद झाल्यावर हात थांबले.

"भाऊ, हा कागद कवा उघडतेत?"

"मी गेल्यावर."

"खड्यानं माणूस मरतंय व्हय?"

"न्हाई. किरकोळ हाय म्हणतेत."

"म्हंजी आनखी वीस-पंचवीस वर्सं पाणी मीच सांडलेलं."

मी टेबलावरचे कार्बन सरळ करू लागलो. साक्षीसाठी बोलावलेले गफूरभाई शेजारी उभे होते. माझ्याकडून सनईची कथा त्यांनी शंभर वेळा ऐकलेली. ते म्हणाले, "आता बोल की, सोनकांबळे. का सनई लावू?"

म्हणून कलम सहा व सात यांना माझ्या मृत्यूची अट राहणार नाही. ती आजपासून लागू. त्यांची जादा प्रत काढून, खाली सही करून, दुपारी दोन वाजता खोक्याच्या दारावर बाहेरच्या बाजूने चिकटवली. मुद्रांक विकणारे संगप्पा यांचा आवाज पहाडी आहे, त्यांनी ती गेटवर उभे राहून वाचली. कारकून, पक्षकार, सगळे थांबले होते. 'मग काय मशीन रडलं व्हय' या ठिकाणी लोक पुन्हा हसले. या वेळी माझ्याकडे बघून.

कलम ८. (दुपारी तीन नंतर सांगितले.) खोके, टेबल, दोन खुर्च्या व बसण्याची जागा जाहिदाबींना, तीही आजपासून. मी जगलो तर एका खुर्चीवर बसू देणे न देणे त्यांच्या मर्जीवर. हे सांगितल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "आधी ती वरची फळी काढा." येते किंवा येत नाही, असे काही म्हणाल्या नाहीत. मी विचारले नाही. फळी उद्या निघेल.

कलम ९. याआधी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. केले आहे असे कोणी म्हटल्यास त्याच्यावर संशय घ्यावा.

हा कागद मला वाचून दाखवला, समजला, बरोबर आहे.

सही: ग्यानोबा मारोती सोनकांबळे

आमच्यासमक्ष सही केली, आम्ही त्यांच्यासमक्ष केली:
१. अब्दुल गफूर करीमसाब, चहाचे दुकान (चहाबद्दलचे विधान मान्य नाही)
२. संगप्पा बसप्पा बिरादार, मुद्रांक विक्रेते

उदगीर, दिनांक १९ ऑगस्ट २०१६

टंकलेखन: जाहिदाबी महेबूब बागवान. पाने पाच, जादा प्रत एक, कार्बनचे वेगळे, एकूण एकशे पंचवीस रुपये. मागितले तेवढे रोख दिले. घासाघीस केली नाही.