डाव्या विंगरला दिलेला पास

मास्तर, तुम्ही गेल्याची बातमी आली तेव्हा मी भाकऱ्या थापत होते. दादा दारात चपला शोधत म्हणाला, "चल, मास्तर गेले." मी तवा उतरवला नाही. परातीतलं पीठ संपेपर्यंत थापत राहिले आणि त्या दिवशी दोन घास जास्तच जेवले. दादा तुम्हाला खांदा देऊन आला, अंघोळ करून ओसरीवर बसला. याला आता बरीच वर्षं झाली. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलत नाही, लिहिते आहे.

शनिवारची सकाळची शाळा सुटली की तुम्ही औरंगाबादच्या आमखास मैदानावर कडुलिंबाखाली बसायचात आणि खेळून घामेजलेली पोरं तुमच्याभोवती. मी दादाची भाकरी घेऊन यायची आणि तिथंच रेंगाळायची. कुणीतरी म्हणालं, पोरीचं इथं काय काम? तुम्ही म्हणालात, "बसू द्या तिला. कान काय फक्त पोरांनाच दिलेत का?" त्या एका वाक्यावर मी पुढं जन्मभर मुलींना फुटबॉल शिकवला. हे उपकार मी नाकारत नाही. पण आज उपकार आठवायला बसलेली नाही.

तुम्ही आपल्या देशाच्या टीमच्या गोष्टी सांगायचात. घोट्याला नुसती पट्टी गुंडाळून अनवाणी खेळणारी माणसं, आणि समोर बूट घातलेले गोरे. लांब हातांचा गोलकीपर, ज्याच्या पोटाशी चेंडू गेला की तो त्याचाच. तो बॅक, जो कुणाला पाडायचा नाही, नुसता आडवा उभा राहायचा आणि पुढून येणारा गडी वाट चुकल्यासारखा परत फिरायचा. आणि त्यांतले कितीतरी आपल्या हैदराबादचे. 'आपल्या' म्हणताना तुम्ही छातीला हात लावायचात. पोलीस ॲक्शन होऊन निजाम गेला तरी आपण अजून हैदराबाद राज्यातच होतो, त्यामुळं ते कुणाला खटकत नव्हतं. शेवटी यायचा डावा विंगर. त्याच्यापाशी आलात की तुमचा आवाज खाली यायचा.

तरुणपणी तुम्ही हैदराबादला ड्रिलमास्तरकी शिकायला होतात. तिथं एकदा त्या मोठ्या लोकांच्या सरावात एक गडी कमी पडला आणि कडेला उभ्या असलेल्या तुम्हाला आत बोलावलं. चेंडू तुमच्याकडं आला, तुम्ही मान वर केली... इथं तुम्ही थांबता. पायाच्या अंगठ्यानं मातीत एक रेघ ओढता, मधून थेट डाव्या कडेपर्यंत. आम्ही रेघेच्या टोकाकडं बघत बसलेलो. "आणि दिला पास. बराबर त्याच्या पायावर." पुढचा गोल आम्हीच ओरडून मारायचो. गावानं मात्र त्या पासवर कधी विश्वास ठेवला नाही. हॉटेलात तुम्ही शिरलात की बाकावरून कुणीतरी विचारायचंच, "काय मास्तर, आज पास दिला का नाय?" तुम्ही बशीतला चहा तसाच ठेवून उठायचात. एकदा आमच्या ओसरीवर आबांना म्हणालात, "एकदा तो हितं येऊन चारचौघांत सांगू दे. मग डोळे मिटले तरी चालतंय." मी आत चुलीपाशी होते. मी ते ऐकलं होतं.

दादा तुमचा लाडका. आम्ही मेंढरांच्या मागं फिरणारी माणसं. आबांनी शहरात बस्तान बसवलं तरी सुट्टीत दादा दौलताबादच्या माळावर काकांचा कळप घेऊन असायचा, आणि तिथंच त्याचे पाय तयार झाले, असं तुम्हीच सांगायचात. तो देशाच्या टीममध्ये जाणार हे तुम्ही ठरवूनच टाकलं होतं. तेवढ्यात राज्यं नव्यानं आखली गेली आणि आपला मुलूख हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात गेला. खेळाडूंची निवड आता मुंबईला, असा निरोप शाळेत आला. हेडमास्तरांनी तो तुम्हाला सांगितला तेव्हा तुम्ही हसलात. त्याच संध्याकाळी आमच्या घरी येऊन आबांना म्हणालात, "बंबईला फुटबॉल कुठंय? तिथं किरकेट. टीमचा दरवाजा हैदराबादला. लिहून घ्या माझ्याकडून." आबांनी एक मेंढा विकला. आईनं दशम्या आणि ठेचा बांधून दिला. तुम्ही तुमची घोट्याची पट्टी दादाच्या हातात ठेवलीत आणि तो हैदराबादला, काचीगुड्याच्या गाडीत बसला.

तिथं त्याला मैदानात उतरूच दिलं नाही. म्हणाले, तू बंबई राज्याचा, इथं कशाला आलास? तो परत येईपर्यंत मुंबईची निवड होऊन गेली होती. यात तुमची चूक झाली, हे मी समजू शकते. आपल्याकडं त्या वर्षांत पुष्कळ लोक सवयीनं हैदराबादचीच गाडी धरत होते. पण पुढच्या शनिवारी तो लिंबाखाली आला. कुणीतरी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, "नाय घेतलं." सगळे तुमच्याकडं बघायला लागले. मीही बघत होते. तुम्ही एवढंच म्हणायला हवं होतं, की मी पोराला चुकीच्या गावाला पाठवलं. तुम्ही मातीकडं बघत म्हणालात, "पायातच दम नव्हता पोराच्या." दादा उठला. ती पट्टी घडी करून त्यानं तुमच्यापुढं ठेवली आणि चालू लागला. पुन्हा त्यानं चेंडूला पाय लावला नाही. सूतगिरणीत लागला, तिथंच म्हातारा झाला. आता पुंडलिकनगरला माझ्याकडं असतो. गुडघे गेलेत.

मी सूड घेतला, मास्तर. तुम्ही काठीनं मारलं असतं तर विसरले असते. गारखेड्याच्या मैदानावर मी मुलींना शिकवते, आणि शनिवारी त्याच गोष्टी सांगते. तोच गोलकीपर, तोच बॅक, तोच डावा विंगर. फक्त तुम्हाला त्यातून काढलं. गडी कमी पडतो, तेव्हा कडेला माझा भाऊ उभा असतो. रेघ मीच ओढते, पण पास दादा देतो. किती वर्षं झाली, कितीतरी मुली तेच ऐकून मोठ्या झाल्या, लग्न होऊन गावोगाव गेल्या. त्या सगळ्या गावांत आता तुम्ही नाही. हे मला फार गोड वाटायचं.

गेल्या महिन्यात दादा हट्टानं मैदानावर आला. खुर्ची टाकून दिली. एक मुलगी त्याच्या पाया पडली आणि म्हणाली, "काका, त्याला पास तुम्हीच दिला व्हता ना?" दादानं माझ्याकडं एकदा बघितलं. म्हणाला, "मी नाय, बाळा. आमच्या मास्तरांनी दिला."

रिक्षात मी त्याला सोडलं नाही. "कशाला पुळका आला रे तुला? ज्यानं वाटोळं केलं त्याचंच गुणगान? आणि कुणी बघितला तो पास?"

"त्यानंच सांगितलं," दादा म्हणाला. "त्या विंगरनं."

हैदराबादला त्याला हाकलल्यावर तो फाटकाशी बसून दशमी खात होता. तो विंगर तिथून चालला होता. फाटकावरच्या माणसाच्या तोंडून औरंगाबादचं नाव ऐकून थांबला. म्हणाला, "औरंगाबाद से आए क्या? वहाँ के एक मास्टर खेले थे हमारे साथ. नाम याद नईं. पास क्या दिए थे, बराबर पाँव पो."

मी विचारलं, "मग मास्तरांना सांगितलं का नाहीस?"

"सांगणारच व्हतो. गाडीत सगळा रस्ता तेच घोळत व्हतं. म्हनलं, आपलं काम नाय झालं तर नाय, मास्तरांचं तरी झालं. आल्या आल्या चारचौघांत सांगायचं." रिक्षा घराशी थांबली तरी तो उतरेना. "मग ते बोलले, दम नव्हता. म्हनलं, राहू दे. ठेवलं जवळच."

तर असं आहे, मास्तर. ज्या एका वाक्यासाठी तुम्ही झुरलात ते आमच्या घरात होतं. तुम्ही हॉटेलातून चहा टाकून उठत होतात तेव्हा होतं, तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा होतं, आणि दादानं तुम्हाला खांदा दिला तेव्हाही त्याच्या खिशात असल्यासारखं त्याच्याबरोबर होतं. माझा सूड मला मोठा वाटायचा. दादानं जवळ ठेवलं त्याच्यापुढं तो पोरखेळ निघाला. हे ऐकून मला आधी आनंद झाला, खोटं कशाला सांगू. मग तुमची ती हॉटेलातली चहाची बशी डोळ्यापुढं आली, साय धरलेली, आणि जेवण गेलं नाही.

परवाच्या शनिवारी मी गोष्ट सांगितली. रेघ ओढली आणि म्हटलं, "औरंगाबादचे एक मास्तर होते, त्यांनी दिला पास." दादाच्या पाया पडलेली तीच मुलगी म्हणाली, "नाव काय त्यांचं?" मी म्हटलं, "त्या विंगरलाही आठवलं नव्हतं," आणि चेंडू मैदानात फेकला. तुम्हाला माझ्याकडून यापेक्षा जास्त मिळणार नाही. हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं नसतं. विंगरचं ते वाक्य तुम्हाला वाचू द्यावं असं मला अजून वाटत नाही. तुमचं नाव मात्र मला आठवतं. त्या मुलीनं विचारलं तेव्हा ओठांवर आलं होतं.